सोन्चो जेवेना

भाताचं पातेलं काबाताच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या झऱ्याच्या खोलीतल्या, पाण्यात बुडवलं की सोन्चो यायचा. कुवाहारांच्या घरात ही गोष्ट इतकी ठरलेली होती की तिचं कुणाला कौतुक उरलं नव्हतं. त्या सकाळी तो आला, पातेल्याभोवती एक सावकाश चक्कर मारली, आणि सुनेने केलेली भाजी बघून सासरा उठावा तसा पाठ फिरवून निघून गेला.

मासाएने पातेलं हलवलं. "अरे, भात आहे," ती म्हणाली. "तळाचा, लागलेला. तुला आवडतो तो."

सोन्चो तळच्या सपाट दगडापाशी जाऊन पडून राहिला. बाकीचे लहान मासेही त्याच्या आजूबाजूला पोटं टेकून बसले होते, मोठ्या माणसाने मत दिल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या नातेवाइकांसारखे.

सोन्चो म्हणजे गावप्रमुख. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. समोर येईल ते खायचं, जागचं हलायचं नाही आणि तरी सगळ्यांनी आपल्याकडेच यायचं, हे गुण त्यांना त्या माशात आणि त्या वेळच्या खऱ्या गावप्रमुखात सारखेच दिसले होते. खरे गावप्रमुख जाऊन बरीच वर्षं झाली. मासा होता. आत दगडी कुंडीत जमिनीतून उसळणारं पाणी पिण्याचं, तिच्यातून ओसंडलेलं भाज्या नि कलिंगडं गार करण्याचं, आणि तिथून सगळ्यात मोठ्या टाक्यात आलेलं सोन्चोचं. आळीचा पाटही त्याच टाक्यातून जायचा. खरकटी भांडी तिथे ठेवायची, मासे ती चाटूनपुसून साफ करायचे, आणि स्वच्छ पाणी पुढच्या घरात. इझुमिबे गावात साबण न वापरता चाललेला हा संसार कित्येक पिढ्यांचा.

मासाएला मनातून थोडं टोचलं. गेला आठवडाभर ती सासूबाईंची फुनाझुशी, म्हणजे आंबवलेला मासा, बाहीत लपवून इथे आणून सोडत होती. पण एका पानातल्या दोन फोडी. एवढ्या मोठ्या माशाला त्या म्हणजे बडीशेप.

"मासाए!"

पाटाच्या काठाने आत्याबाई येत होत्या. हात्सुए आत्या, मासाएच्या नवऱ्याच्या, केन्साकुच्या, वडिलांची बहीण, खालच्या घरात दिलेली. हातात लांब दांड्याचा डाव, आणि डाव असा समोर धरलेला की आत मेलेलं काहीतरी असावं.

"हा भात तुमचाच ना?"

मासाएने डावात पाहिलं. "भातावर नाव नसतं, आत्याबाई."

"नाव कशाला हवं? तळ लागलेला आहे. या आळीत भात करपवणारं घर एकच." आत्याबाईंनी डाव खाली केला. "या घरातून माझ्याकडे इतकी वर्षं पाणी येतं, फार तर सालं. वांग्याची सालं आली की कळतं केन्साकुचं पित्त उतरलं. काहीच आलं नाही की कळतं तुमचं दोघांचं भांडण झालं. पण भात? भात कधी आला नव्हता. काल आला, आज आला. तुमच्या गावप्रमुखाला झालंय काय?"

दोघी वाकून पाहू लागल्या. सोन्चोने एक बुडबुडा सोडला.

"आजारी आहे," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी मान वर करून पाटाच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिथे जुन्या कोठाराच्या दारावर नवा निळा पडदा लोंबत होता. नागिसाचं टोफूचं दुकान. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या, आणि बोलायला गवतकापणीला जमलेल्यांकडे निघाल्या.

*

गवतकापणीच्या दिवशी अख्खी आळी पाटात उतरते. कमरेपर्यंत रबरी पाटलोणी, हातात लांब दांड्याचे विळे. पाण्यातली पांढरी फुलं असलेली वेल वाढली की पाणी तुंबतं. म्हणून ती कापायची, वाहू द्यायची आणि खाली जाळीत अडवून काढायची. ओबोन आठवड्यावर आलेला, पितर घरी यायच्या आत त्यांच्या वाटेवरचं पाणी वाहतं हवं, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे बाहेरगावची मुलं तेव्हाच घरी येतात आणि फुकटचे हात मिळतात.

केन्साकु कुवाहारा पाण्याच्या मधोमध उभा होता. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाला एक तर बाग मिळते किंवा समिती. त्याला पाट समितीचं अध्यक्षपद मिळालं. तो गवत कमी कापत होता आणि इतर कसं कापतात ते जास्त पाहत होता.

"अध्यक्ष!" हात्सुए आत्याने काठावरून हाक मारली. घरी ती त्याला 'केन' म्हणायची. 'अध्यक्ष' म्हणजे सगळ्यांनी ऐकावं.

"बोल, आत्या."

"तुमच्या घरचे मासे तोंड फिरवून बसलेत. दुसरा दिवस."

विळे थांबले. केन्साकुला पाण्यातल्या पाण्यात घाम फुटला. या आळीत पाणी बिघडलं हे सांगायला कुणी प्रयोगशाळेत बाटली पाठवत नाही. मासा सांगतो. ज्या घरचा मासा जेवायचा थांबला, त्याच्या वरच्या घराच्या मोरीवर फळी पडते. आणि एकदा पडलेली फळी पुढच्या गवतकापणीपर्यंत, म्हणजे थेट शरदात, उचलायची नाही. नियम त्याच्या आजोबांनी केला होता, एका रंगाऱ्याला घालवण्यासाठी. रंगारी गेला, नियम राहिला.

आणि वरचं घर कुणाचं? सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर वळल्या. तिथे, पाण्यात, त्यांच्यातच, विळा घेऊन त्याची पुतणी नागिसा उभी होती. केस रुमालात बांधलेले, नाकावर शेवाळ.

"माझी मोरी?" ती म्हणाली.

"टोफूचं आंबट पाणी," आत्याने जाहीर केलं. "दुसरं काय असणार?"

"आंबट पाणी मी पिंपात भरते, आत्याआजी. शेतावर जातं. तुमच्याच काकड्यांवर जातं. काकड्या गोड लागल्या म्हणालात ना परवा?"

"काकड्यांचं सोडून दे."

"सोडलं. पण मोरीत फक्त सोयाबीन धुतलेलं पाणी जातं, तेही दोनदा गाळून."

लोक केन्साकुकडे पाहू लागले. जाळीपाशी उभा असलेला एक शेजारी सहानुभूतीने म्हणाला, "कठीण आहे हो अध्यक्ष. स्वतःची पुतणी." त्या सहानुभूतीत पुढचा अध्यक्ष व्हायची तयारी स्पष्ट दिसत होती.

"जेवण झाल्यावर," केन्साकु म्हणाला, "वरच्या मोरीपाशी जमू. नियम सगळ्यांना सारखा."

नागिसा त्याच्याकडे वळली. "काका, ओबोनची मागणी आहे. देवळाची, तिन्ही खाणावळींची, अर्ध्या आळीच्या नैवेद्याची. शरदापर्यंत मोरी बंद म्हणजे दुकान बंद. पहिल्याच वर्षी बंद पडलेल्या दुकानात दुसऱ्या वर्षी कोण येतं?"

केन्साकुला याचं उत्तर माहीत होतं. म्हणून तो वाकून गवत कापू लागला. वाकल्यावर त्याला दुसरंच काही आठवलं. आईने वाढलेल्या फुनाझुशीचं काय करायचं याचा मार्ग त्याने फार पूर्वी शोधला होता. ती टाक्यात टाकताना त्याने समितीचा नियमही मनात म्हणून पाहिला होता: मासा खाईल तेच पाण्यात जावं. फुना हा मासा. मासा मासे खातो. कुठे चूक नव्हती. शिवाय टाकणारा तो एकटाच.

*

केन्साकुचा धाकटा भाऊ, नागिसाचा बाप शिगेहारू ओसाकाहून आठवडाभर आला होता, आणि त्याचं येणं फुकट गेलं नाही असं त्याला आज प्रथमच वाटत होतं.

मुलीने बँकेतली नोकरी सोडून आजीच्या कोठारात टोफू करायला बसणं, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात विचारलं तर तो म्हणे, "ती सध्या ग्रामीण भागात आहे." लोकांना वाटायचं शाखा उघडतेय. तो तिला परत न्यायला आला होता. आठवड्यात सगळी शस्त्रं वापरून झाली: भविष्य, आईचे अश्रू, एका शिकलेल्या मुलाचा फोटो. काही चाललं नाही. आणि आता एका माशाने नुसतं उपाशी राहून बाजी मारत आणली होती.

"नियम म्हणजे नियम," तो जेवायला बसताना म्हणाला. "दादाची अडचण मी समजू शकतो."

"तुला बरीच लवकर समजली," केन्साकु म्हणाला.

लांब बुटक्या टेबलाभोवती सगळे बसले होते. हात्सुए आत्यालाही बोलावलं होतं, कारण न बोलावलं तर ती आलीच असती. दोघा भावांची आई, तोयो आजी, स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली, आणि तिच्या आधी तिच्या ताटाचा वास आला.

फुनाझुशी. सरोवरातला फुना, मिठात मुरवून मग भातात दाबून, दगडाखाली दोन वर्षं ठेवलेला. अंडी भरलेल्या केशरी फोडी, भोवती आंबून लगदा झालेला भात. आईचं सारं वैभव. पाहुणे वास घेऊन म्हणत, "वा, चवीला काय खोली आहे." खोली हा शब्द त्या दुपारपर्यंत सगळ्यांनीच वापरून झिजवला होता. एरवी हे ताट नव्या वर्षाला एकदा निघायचं. यंदा धाकटा आठवडाभर राहिला म्हणून आईने रोज, प्रत्येक जेवणाला, भरभरून वाढलं.

"शिगे, तुला दोन जास्त," आजी म्हणाली. "ओसाकात मिळत नाही बिचाऱ्याला."

"आई, कशाला एवढं," तो मनापासून म्हणाला.

"वन्सं, तुम्हाला शेपटीकडची. मऊ असते."

"मला नेहमी शेपटीकडचीच मिळते, वहिनी," हात्सुए आत्या म्हणाली. दोघी ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, पण एकमेकींसमोर त्या अजून नवी सून आणि लाडकी लेकच होत्या, विशीच्या वर सरकल्या नव्हत्या.

"तर मोरीचं काय?" आत्याने विषय पानात घेतला.

"माझी मोरी स्वच्छ आहे," नागिसा म्हणाली. तिने मोरीतून भरून आणलेली बाटली टेबलावर ठेवली, पेल्यात ओतली आणि गटागटा प्यायली. "बघा. मी जेवतेय ना? माशाला पोटाचं काही असेल."

"तू तरुण आहेस," आत्या म्हणाली. "तुला काहीही पचतं."

"मग तुम्ही प्या."

"मी कशाला पिऊ? माझ्या घरी ते आपणहून येतं."

"नागिसा," शिगेहारू सौम्यपणे म्हणाला, "हट्ट सोड बेटा. कुणी तुला दोष देत नाही. धंदा म्हटलं की असं होतं. बँकेत अजून जागा आहे, मी विचारलंय."

"विचारलंत? कधी?"

"सहज."

"बाबा, मासा आजारी पडायच्या आधी की नंतर?"

मासाएने भाताचा वाडगा जरा जोरात ठेवला. "शिगेहारू भाऊजी, मुलीचं दुकान बुडतंय आणि तुमचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा झालाय. जरा आवरा."

"वहिनी, मी फक्त नियमाच्या बाजूने आहे."

"नियमाच्या बाजूने इथे नेहमी तोच असतो ज्याचं काही जात नाही."

केन्साकुने खोकून सभा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. आजी म्हणाली, "आधी खा. गार होईल." फुनाझुशी गार होण्याच्या पलीकडची वस्तू होती, पण सगळे पानाकडे वळले.

शिगेहारूने पान पाहिलं. दोन जास्त. लहानपणापासून तो जे करत आला तेच त्याने केलं. रुमालात फोडी गुंडाळल्या, "हात धुऊन येतो" म्हणाला, आणि उठला.

काबाताचं दार ढकललं तेव्हा आत, त्याच्याही आधी पानावरून उठलेली मासाए वहिनी टाक्यापाशी उकिडवी बसलेली होती, बाही अर्धी पाण्यात.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.

"भांडी," मासाए म्हणाली.

"हात," शिगेहारू म्हणाला.

त्याच्या मुठीतून केशरी अंडी गळली. मासाएच्या बाहीतून फोडीचं टोक डोकावलं. दोघांनी आपापलं पाण्यात सोडून दिलं. सोन्चोने डोळा उघडला, समोर पाहिलं, आणि दगडाखाली आणखी आत सरकला.

"कधीपासून?" मासाएने विचारलं.

"तिसरी-चौथीत असल्यापासून. तुम्ही?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी खाल्ली होती."

दार पुन्हा उघडलं. अध्यक्ष आत आले. हातात वर्तमानपत्राची घडी, घडीतून तोच वास. त्याने दोघांना पाहिलं, टाकं पाहिलं, आणि टपाल खात्यातल्या सगळ्या वर्षांच्या शिस्तीने म्हणाला, "मी तपासणीला आलो होतो."

"दादा, घडी गळतेय."

केन्साकु पायरीवर बसला. मग तो मनात हिशेब मांडावा तसा म्हणाला, "म्हणजे तिघं. रोज. प्रत्येक जेवणाला. आठवडाभर."

"मासा आजारी नाहीये," मासाए म्हणाली. "मासा तट्ट फुगलाय."

"शिवाय तो आंबलेला भात," शिगेहारू म्हणाला. "थोडी चढली पण असेल."

तिघांनी सोन्चोकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर ओसाकातल्या पार्टीनंतरच्या शेवटच्या आगगाडीतल्या प्रवाशाचं समाधान होतं.

"सांगायला हवं," मासाए म्हणाली.

"कुणाला? आईला?" दोघं भाऊ एका सुरात म्हणाले. साठीच्या आसपासच्या पुरुषांचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मासाएला नवीन होतं.

"आई मरेल," केन्साकु म्हणाला.

"मरणार नाही. आपल्याला मारेल," शिगेहारू म्हणाला. "दादा, शांतपणे विचार कर. कशाला बोलायचं? उन्हाचं कारण सांग. पाणी तापलं म्हण."

"पाणी बाराही महिने एकसारखं गार असतं. शाळेतली पोरंही हे पाठ म्हणतात."

"मग काही बोलूच नकोस. फळी पडेल, शरदात उचलू. सोन्चो तोवर उतरेल."

मासाए उठली. ओली बाही पिळली. "आणि नागिसा तोवर ओसाकाला गेलेली असेल. तुमचं काम झालेलं असेल."

"वहिनी, मी बाप आहे. मला तिचं भलं कळतं."

"तुम्हाला मघाशी तिच्या पाण्यात घाण आहे हेही कळत होतं." ती दोघांना ओलांडून दाराकडे गेली. "मला मूल नाही, हे या घरात सगळ्यांनी मोठ्या मनाने न बोलून दाखवलंय. ही पोरगी रोज पहाटे वरून हाक मारते, 'काकू, पहिला टोफू.' ती हाक मी तुमच्या आईच्या भीतीपायी जाऊ द्यायची नाहीये. तुम्ही ठरवा काय ते."

"सगळ्यांचं सांगू नकोस हं," केन्साकु मागून म्हणाला. "म्हणजे, पदाचा प्रश्न आहे."

*

वरच्या मोरीपाशी आळी जमली तेव्हा नागिसा दुकानाच्या दारात हात बांधून उभी होती. आत कढईत सोयाबीनचं दूध तापत होतं. मोरी बंद झाली तर त्याचं काय करायचं हाच विचार तिच्या डोक्यात होता, कारण त्यापुढचा विचार तिला करायचा नव्हता. केन्साकु काका फळी घेऊन आला. जुनी, काळी, जड फळी. तो ती अशी उचलून चालला होता की जणू तिच्यावरच त्याला झोपवून न्यायचं आहे.

"समितीच्या नियमानुसार," त्याने सुरुवात केली आणि थांबला. "नियमानुसार..."

"थांबा," मासाए काकू म्हणाली.

ती काबातातून येत होती, एका हातात चाळणी, दुसऱ्या हातात कोपरापर्यंतचा रबरी हातमोजा. "सोन्चो ज्या दगडाखाली बसतो तो मी उचलला. हे बघा."

तिने चाळणी फरशीवर ठेवली. वास आधी पसरला, मग लोक पुढे झाले. केशरी फोडी, पांढरा लगदा, माशांची डोकी. कुवाहारांच्या फुनाझुशीचा वास ओळखायला त्या आळीत कुणाला जवळ जावं लागत नसे.

"हे मी टाकत होते," काकू म्हणाली. "माझ्या पानातली. माशाला पाणी बाधलं नाही, जेवण झेपलं नाही. नागिसाचा काही संबंध नाही."

सगळ्यांच्या नजरा तोयो आजीकडे गेल्या. आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

हात्सुए आत्या मात्र चाळणीवर वाकली. बोटाने एक-एक बाजूला सारू लागली. "एवढं सगळं एकटीने?" ती म्हणाली. "मासाए, तू जेवायला बसतेस की पंगत उठवतेस?"

कुणीतरी हसलं. केन्साकु काकाने फळी खाली ठेवली. "त्यात," तो म्हणाला, "थोडं समितीचंही आहे."

"म्हणजे?"

"माझं."

जाळीपाशी उभा राहणारा शेजारी पुढे सरकला, भावी अध्यक्षाच्या चालीने. नागिसाने वडिलांकडे पाहिलं. शिगेहारू आभाळाकडे पाहत होता. आभाळात काही नव्हतं. तो फार वेळ पाहत राहिला, आणि ती ओळखत होती हा चेहरा: अडचणीचा फोन वाजून वाजून बंद होईपर्यंत बाबा असाच बसतो.

"बाबा," ती म्हणाली. "तुमचे हात अजून वास मारताहेत."

"दोन जास्त वाढल्या होत्या," शिगेहारू आभाळाला म्हणाला.

"अजून हिशेब लागत नाही," हात्सुए आत्याने चाळणीतून मान वर केली. तिच्या डोळ्यांत एक चमक आली होती, जी तिच्या भावजयीने साठ वर्षांत अनेकदा पाहिली होती आणि एकदाही तिला ती मानवली नव्हती. "ही डोकी बघा. डोकी पानात कुणाला वाढली होती?"

डोकी पानात वाढत नाहीत. डोकी कापणाऱ्याकडे राहतात.

"वहिनी?"

तोयो आजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "डोकी कापणारीने खायची असतात," ती म्हणाली. "मला माझ्या सासूने सांगितलं. मी सांगितलं तसं करत आले. खायची तेवढी राहून गेली."

"आई!" केन्साकु म्हणाला. "तुला आवडत नाही?"

"तुला आवडते?"

"तू दरवर्षी करतेस म्हणून—"

"तुम्ही दरवर्षी वा म्हणता म्हणून करते. मेहनत काय थोडी असते? दगड उचलून उचलून पाठ गेली माझी." आजी खरोखरच चिडली होती. "तुमच्यापैकी एकाने जरी तोंड वाकडं केलं असतं तर मी कधीच सुटले असते. आणि सासूबाईंना तरी कुठे आवडायची? टाक्यापाशी जाऊन बसायच्या जेवण झालं की."

"माझ्या आईला?" हात्सुए आत्या ताठ झाली. "माझ्या आईला आवडायची! मला आवडते! जन्मभर मला शेपट्या पाठवल्यात, आणि अंड्यांच्या फोडी माशाला? मी खाली बसून तुमचा करपलेला भात उपसायचा, आणि तुमचा गावप्रमुख माझ्या वाटणीचं खाऊन लोळणार?"

"वन्सं, मला काय माहीत—"

"विचारलंत कधी?"

"मलाही आवडते," नागिसा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"खरंच. रोज खाल्ली मी. आज तर काकूचं पान मला मिळतं का बघत होते, तोवर काकू उठून गेली."

हात्सुए आत्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं. सकाळपासून जिच्या मोरीवर फळी टाकायला ती धावत होती, त्या मुलीत तिला एकाएकी आपल्या आईचं नाक दिसू लागलं. "कुवाहारांची खरी लेक," ती म्हणाली. "बाकी सगळे जावई." मग तिने आपल्या काठीने फळीला टोचलं. "केन, उचल ही. पोरीच्या दारातून आधी उचल."

"आत्या, ठराव करावा लागेल."

"मग कर. लिही. एक: मोरी उघडी. दोन: यापुढे फुनाझुशी पाण्यात जाणार नाही, तिचं पिंप माझ्या घरी येईल आणि निम्मं या मुलीकडे. तीन: आज ज्याच्या पानात जेवढं वाढलं होतं तेवढं पुन्हा वाढून त्याने इथे, या दारात, माझ्यासमोर खायचं."

"तीन कशाला?" शिगेहारू म्हणाला.

"तीन माझ्या आईसाठी. ज्यांना मंजूर त्यांनी हात वर."

आळीने हात वर केले. इतका एकमुखी ठराव पाट समितीच्या इतिहासात झाला नव्हता. शेजाऱ्याने तर दोन्ही हात वर केले. ताटं आणली गेली. फळीची दोन टोकं दोन दगडांवर ठेवली आणि तिच्यावर ती मांडली. कुवाहारा कुटुंब ओळीने बसलं: अध्यक्ष, त्याची बायको, ओसाकाचा भाऊ, आणि टोकाला, कुणीही न सांगता, स्वतः तोयो आजी. समोर हात्सुए आत्या काठी घेऊन उभी.

केन्साकुने डोळे मिटून गिळली. मासाएने मोजून चावली. आजीने घास तोंडात ठेवला, बराच वेळ तो तिथेच राहू दिला, आणि मग भारदस्त आवाजात म्हणाली, "नागिसा, यावर काहीतरी आण. पांढरं. बिनवासाचं."

नागिसा आत गेली. दूध नुकतंच घट्ट होऊन थरथरत होतं. तिने ते वाडग्यांत काढलं, कोमट, वर काही न घालता, आणि ओळीने ठेवत आली. आंबट पाणी तिने पिंपात ओतलं, सगळ्यांना दिसेल असं. मोरीतून धुतलेलं स्वच्छ पाणी पाटात गेलं, आणि कुणी त्याकडे पाहिलंही नाही.

शिगेहारूचा वाडगा तिने शेवटी ठेवला. वर्षभरात त्याने मुलीच्या हातचा टोफू एकदाही खाल्ला नव्हता. आधी तत्त्व म्हणून, नंतर सवय म्हणून. आता त्याच्या तोंडात फुनाझुशीच्या दोन जास्तीच्या फोडी होत्या आणि तत्त्वाला तोंडात जागा उरली नव्हती. त्याने घाईघाईने चमचा भरला. मग दुसरा. मग तो जरा सावकाश खाऊ लागला, कपाळाला आठी घालून, एखादं खातं बारकाईने तपासावं तसा. वाडगा संपल्यावर त्याने तळ पाहिला.

"अजून आहे?" त्याने मुलीकडे न बघता विचारलं.

"आहे," नागिसा म्हणाली. "पण आत येऊन, रांगेत उभं राहून घ्यायचा. इथे सगळे तसंच घेतात."

शिगेहारू उठला, गुडघ्यांवरची माती झटकली, आणि निळा पडदा बाजूला सारून दुकानात गेला.